सरकारी अनुदानावरच्या युवा नेतृत्व शिबिरात श्रद्धेला गुण द्यायचे का?

तंबूची खुंटी

नमस्कार. गेली अकरा वर्षं मी युवा नेतृत्व शिबिरांत प्रशिक्षक म्हणून जाते. संस्था धार्मिक आहे, शिबिराचा बहुतेक खर्च मात्र सरकारी अनुदानातून निघतो. धर्म कोणता ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की निम्म्या लोकांचं उत्तर पुढचं वाचायच्या आधीच ठरेल. मी स्वतः श्रद्धाळू आहे, त्याच धर्मातली आहे, आणि शिबिरातली पहाटेची प्रार्थना मला मनापासून आवडते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे "बाईंना धर्माचा राग आहे" इथून सुरुवात नको.

आमच्या मूल्यांकन पत्रकात सहा रकाने आहेत. गटकार्य 25, संवाद 20, निर्णयक्षमता 20, वेळपालन 15, सेवाकार्य 10, आणि शेवटी 'श्रद्धा व संस्कार' 10. ज्यांना 82 किंवा जास्त मिळतात ते पुढच्या टप्प्याला जातात.

गेल्या शिबिरात माझ्या गटात सतरा वर्षांचा एक मुलगा होता. तिसऱ्या रात्री वादळी पाऊस झाला आणि दोन तंबू बसले. आम्ही मोठी माणसं विजेऱ्या शोधत होतो तोवर ह्याने एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात अशी साखळी करून मुलं सभागृहात आणली. दाराशी उभं राहून मोजली. सत्तावीस हवी होती, सव्वीस भरली, म्हणून तसाच भिजत परत गेला. सत्ताविसावा पोटात कळ आली म्हणून शौचालयात बसला होता आणि बाहेर काय चाललंय याचा त्याला पत्ताच नव्हता. निर्णयक्षमतेत मी त्या मुलाला 20 पैकी 20 दिले. अकरा वर्षांत असे पूर्ण गुण मी तिसऱ्यांदा दिले.

सकाळी सहाच्या प्रार्थनेला मात्र तो आत बसायचा नाही. पहिल्या दिवशी विचारलं तर म्हणाला, "ताई, मी मानत नाही. उगाच डोळे मिटून बसू का?" माहितीपत्रकात प्रार्थना 'ऐच्छिक' अशीच छापलेली आहे, त्यामुळे मी पुढे काही बोलले नाही. पण त्या ऐच्छिक प्रार्थनेला हजेरीपट होता, आणि सहाव्या रकान्याचे गुण त्यावरून भरायचे हा अलिखित नियम. ऐच्छिक गोष्टीची हजेरी कसली घेता, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी भरले. शून्य. माझ्याच पेनने. बाकी पाच रकान्यांत 90 पैकी 79. त्याची एकूण बेरीजही तीच.

आता अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र जायचं आहे. सोबतच्या अहवालावर प्रशिक्षक म्हणून माझी सही लागते. त्यात एक छापील वाक्य आहे, की निवड कोणताही भेदभाव न करता झाली. तिथे पेन अडलंय.

तर प्रश्न असा. सरकारी पैशाच्या नेतृत्व कार्यक्रमाला श्रद्धेशी बांधावं का? संस्था धार्मिक असली तर चालेल पण गुण नकोत, की संस्थाच नको? "सगळं सरकारनेच करावं" एवढं उत्तर कृपया देऊ नका. तशीही शिबिरं मी पाहिली आहेत. उद्घाटनाचा दिवस सरला की नेतृत्व कुणाचं करायचं तेच कळत नाही, मांडववाला तेवढा उरतो.

पॅराशूट

दहाच गुण ना? उरलेल्या 90 मध्ये 82 काढायचे. नेता व्हायचंय ना त्याला?

कलम-दर-कलम

पॅराशूट, मग उलटं करून बघा. प्रार्थनेला बसणाऱ्यांचे 10 कापा आणि त्यांना म्हणा, उरलेल्या 90 मध्ये 82 काढा.

मूळ प्रश्नाकडे. अनुदान कोणत्या देशाचं ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून जवळच्या भारतीय राज्यघटनेपासून धरतो. अनुच्छेद 27 म्हणतो, की ज्या कराचं उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी म्हणून खास बाजूला काढलंय, तो कर भरायला कुणावर सक्ती करता येणार नाही. इथे 'खास बाजूला काढलंय' याला वजन आहे. धार्मिक संस्थेला नेतृत्व शिबिरासाठी पैसे दिले म्हणजे आपोआप 27 मोडला, असं होत नाही.

तुमच्या मुलाच्या जास्त जवळचं कलम आहे 28(3). राज्याने मान्यता किंवा मदत दिलेल्या शैक्षणिक संस्थेत शिकणाऱ्याला, त्याची संमती नसेल तर, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असेल तर संमती पालकाची लागते. शिबिर म्हणजे 'शैक्षणिक संस्था' का, यावर आम्ही वकील मंडळी आठवडाभर भांडू शकतो. पण कलमामागचा विचार साधा आहे. मदत घ्या, प्रार्थनाही करा, पण न येणाऱ्याला ओढू नका. तुमच्याकडे कुणी हात धरून ओढलं नाही, गुणांनी ओढलं.

अमेरिकेत जवळपास हाच घोळ 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता, बोवेन विरुद्ध केन्ड्रिक या खटल्यात. किशोरवयीनांसाठीच्या कार्यक्रमांना पैसे देणारा 1981 चा कायदा होता आणि त्यात धार्मिक संस्थांनाही अनुदान मिळत होतं. निकाल 5 विरुद्ध 4. संस्था धार्मिक आहे एवढ्यावर कायदा रद्द होत नाही, पण प्रत्यक्षात पैसा कशावर गेला ते तपासा, म्हणून प्रकरण खाली पाठवलं. पुढे 'सिल्व्हर रिंग थिंग' नावाचा एक कार्यक्रम निघाला. मुलामुलींनी लग्नाआधी संयम पाळायची शपथ घ्यायची, आणि बोटात बायबलमधल्या वचनाचा उल्लेख कोरलेली चांदीची अंगठी. त्याला दहा लाख डॉलरहून जास्त सरकारी पैसा गेला होता. 2005 मध्ये खटला झाला, 2006 मध्ये तडजोड, आणि कार्यक्रम त्या स्वरूपात असेपर्यंत पैसा बंद.

अंगठी काय किंवा तुमचा सहावा रकाना काय. धर्म इमारतीच्या पाटीवर असतो तोवर फारसं बिघडत नाही. तो हिशोबाच्या कागदात शिरला की माझ्यासारख्यांना काम मिळतं.

जुना शिबिरार्थी

मी अशाच एका शिबिरातून आलोय, म्हणून दुसरी बाजू लिहितो. माझ्या घरी वडील दारू प्यायचे. वयाच्या सोळाव्या वर्षी मला पहिल्यांदा कुणीतरी "तू उद्या गटाचा हिशोब ठेव" म्हटलं ते या धार्मिक संस्थेच्या शिबिरात. आमचे प्रमुख एक पैसा मानधन घ्यायचे नाहीत. पहाटे साडेचारला उठून आमच्या आधी स्वच्छतागृहं धुवायचे. का करता, असं विचारलं की वर बोट दाखवायचे. तेवढंच. प्रवचन कधी दिलं नाही.

ती वरची गोष्ट काढून टाका आणि मग साडेचारला उठणारा माणूस आणून दाखवा. निविदा काढून मिळेल?

जर्मनीत हे जास्त शहाणपणाने केलंय असं मला वाटतं. तिथल्या बाल व युवक साहाय्याच्या कायद्यात, कलम 12 मध्ये, युवक संघटनांना मदत करताना त्यांचं स्वतःचं वेगळेपण जपून करा असं लिहिलंय. चर्चच्या युवक संघटना, कामगारांच्या, निसर्गप्रेमींच्या, सगळ्यांना सार्वजनिक पैसा मिळतो. एकालाच दिला तर पक्षपात होईल. सगळ्यांना दिला आणि ज्याला जिथे जायचंय तिथे जाऊ दिलं तर काय बिघडलं?

गुणांचा रकाना चूक आहे, मान्य. पण एका रकान्यासाठी अख्खी संस्था अनुदानातून बाद करायची भाषा सुरू होते, आणि माझ्यासारखा मुलगा घरीच राहतो.

निळा स्कार्फ

मी स्काउटमधला. आमच्याकडे हा वाद शंभर वर्षं जुना आहे, कारण वचनातच 'ईश्वराप्रती कर्तव्य' आहे. बेडन-पॉवेल यांनी 1907 मध्ये ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हापासूनच्या या चळवळीत श्रद्धा आणि चारित्र्य एकाच दोरीने बांधलेली. ब्रिटनमध्ये ती गाठ सोडवायला 2013 उजाडलं. आधी मुलींच्या गर्लगायडिंग संघटनेने वचनातून 'माझ्या देवावर प्रेम' हे शब्द काढून 'स्वतःशी प्रामाणिक राहीन आणि माझ्या धारणा घडवीन' अशा अर्थाचे घातले. तिथल्या स्काउटांनी वेगळी वाट धरली. देवाचं वचन तसंच ठेवलं आणि 1 जानेवारी 2014 पासून न मानणाऱ्यांसाठी पर्यायी वचन दिलं, 'स्काउटची मूल्यं जपीन' असं. इतर धर्मीयांना आपापला शब्द वापरायची सोय आधीपासून होती. राहिला होता तो नास्तिकच.

मला दुसरी वाट आवडते. पहिलीत मानणाऱ्यालाही देवाचं नाव घ्यायची सोय उरली नाही, असं काही गायड्सना वाटलं, आणि ते अगदीच खोटं नाही.

एक मात्र अनुभवाने सांगतो. 'पर्यायी' असं नुसतं लिहून भागत नाही. आमच्या एका मेळाव्यात पर्यायी वचन घेणाऱ्या मुलीला सगळ्यांच्या शेवटी, एकटीला, ध्वजापासून दूर उभं केलं होतं. का, तर "गोंधळ नको". तिने वचन घेतलं खरं, पण पुढच्या आठवड्यापासून आली नाही. (ते नियोजन माझं होतं. म्हणून हे वाचल्यावर लिहायला बसलो.)

पॅराशूट

धर्म काढला की उरतं काय, प्रोजेक्टर आणि 'नेत्याचे सात गुण'.

तंबूची खुंटी

सगळ्यांचे आभार. पॅराशूट, तुमचंसुद्धा, कारण ती 'सात गुण' वाली स्लाइड माझ्याकडे खरोखर आहे.

जुना शिबिरार्थी, तुमचं वाचून रात्री झोप आली नाही. आमचे प्रमुखही अगदी तसेच आहेत. म्हणूनच हा प्रश्न मला अवघड जातोय, नाहीतर कधीच तक्रार करून मोकळी झाले असते. माझं त्यांच्याशी बोलणं झालं. मी म्हटलं, रकाना काढू या. ते म्हणाले, "श्रद्धा नसलेला माणूस संकटात कशाला धरून उभा राहणार?" मी म्हटलं, त्या रात्री तो मुलगा उभा होता, आपण विजेऱ्या शोधत होतो. ते गप्प झाले. नंतर म्हणाले, "ते त्याचे आईवडील चांगले असतील." आता यावर काय बोलायचं?

पहिल्यांदा लिहिताना एक गोष्ट गाळली होती, कारण तिची मलाच लाज वाटत होती. प्रार्थनेच्या त्या अर्ध्या तासात तो बाहेर काय करायचा? चपला-बूट लावायचा. सत्तर जणांचे जोड, आम्ही आत शिरताना जसे उधळून जायचो तसे पडलेले. तो ते जोडीजोडीने, टाचा भिंतीकडे, गटवार लावून ठेवायचा. पहिल्या दिवशी प्रार्थना सुटल्यावर दाराशी नेहमीसारखी झुंबड उडाली होती. तिसऱ्या दिवशीपासून लोक ओळीने बाहेर पडून कवायतीच्या मैदानावर चार मिनिटं आधी पोचायला लागले. वेळपालनाचे गुण माझ्या अख्ख्या गटाला त्याच्यामुळे जास्त मिळाले. हे मी रोज डोळ्यांनी बघत होते, आणि सहाव्या रकान्यात 'श्रद्धा व संस्कार' मधल्या 'संस्कार' या शब्दाखालीसुद्धा मला एक गुण द्यावासा वाटला नाही. हजेरीपटावर टिक नव्हती ना.

म्हणून जर्मनीच्या उदाहरणाबद्दल माझी शंका अशी. सगळ्यांना पैसा द्या आणि मुलाला निवडू द्या, हे जिथे दहा संघटना आहेत तिथे ठीक. आमच्या योजनेत त्या मुलासाठी शिबिर एकच होतं. पुढच्या टप्प्याचं दारही एकच, आणि किल्ली आमच्याकडे. तिथे 'आवडत नसेल तर दुसरीकडे जा' म्हणण्यात अर्थ नाही. तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिलंत ते साडेचारला उठणारे गृहस्थ मला हवेतच. त्यांनी वर बोट दाखवावं. फक्त तेच बोट गुणपत्रकावर ठेवू नये.

आमच्याकडे कुणीतरी तोडगा सुचवला, सर्वधर्म प्रार्थना ठेवा, वाद मिटेल. मी स्वतः तशी घेतलेली आहे आणि ती सुंदर होते. पण न मानणाऱ्याला एका धर्माऐवजी पाच धर्मांची प्रार्थना करायला लावली तर त्याची अडचण पाचपट होते, कमी होत नाही. गांधींच्या प्रार्थनासभेत सगळ्या धर्मांतलं म्हटलं जायचं. 1947 च्या एप्रिलमध्ये दिल्लीत कुराणातल्या आयतींना कुणी आक्षेप घेतला तेव्हा त्यांनी ती गाळून प्रार्थना पुढे रेटली नाही, आणि आक्षेप घेणाऱ्याला बाहेरही काढलं नाही. प्रार्थनाच थांबवली. आमच्याकडे एका मुलासाठी प्रार्थना थांबवावी असं मी म्हणत नाही. त्याने तशी मागणी केलीही नाही. त्याला दाराबाहेर बूट लावत बसायला चालत होतं.

निळा स्कार्फ, तुमच्या कंसातल्या ओळीबद्दल वेगळे आभार.

आता ताजी बातमी. काल नवीन मूल्यांकन पत्रकाचा मसुदा आला. सहावा रकाना आहेच. नाव बदललंय, 'मूल्यनिष्ठा'. गुण 10. खाली बारीक अक्षरात, "प्रार्थना व तत्सम उपक्रमांतील सहभागावरून". कलम-दर-कलम, यावर काय करता येतं? आणि जुन्या अहवालावर सही करू की नको?

कलम-दर-कलम

नावं बदलण्यात आपण सगळेच तयार. ऑस्ट्रेलियात हे मोठ्या प्रमाणावर झालं. 2007 पासून सरकारी पैशातून शाळांमध्ये चॅप्लेन, म्हणजे धर्माशी जोडलेले समुपदेशक, नेमायची योजना होती. मुलांना आधार द्यायचा, धर्मप्रसार करायचा नाही अशी अट घालून. एका पालकाने ती थेट उच्च न्यायालयात नेली, म्हणजे तिथल्या सर्वोच्च. 2012 मध्ये तो जिंकला, 2014 मध्ये पुन्हा जिंकला. पण गंमत बघा, जिंकला तो धर्माच्या मुद्द्यावर नाही. केंद्राला असा खर्च करायचा अधिकारच नाही या मुद्द्यावर. धर्माचा मुद्दा 2012 मध्येच फेटाळला गेला होता. मग सरकारने पैसा राज्यांमार्फत पाठवला आणि चॅप्लेन राहिले. मधल्या काळात एका सरकारने शाळेला धर्माशी संबंध नसलेला कार्यकर्ता घ्यायची मुभा दिली, पुढच्याने ती काढली, 2023 मध्ये ती परत आली. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. कोर्टात जिंकूनही पत्रकातला रकाना तसाच राहू शकतो, एवढं माहीत असावं.

त्यापेक्षा तुमच्या हातातलं काम बारीक आणि पक्कं आहे. मसुद्यावर लेखी हरकत द्या, तोंडी नको. दोनच मागण्या: 'ऐच्छिक' उपक्रमाचा हजेरीपट नको, आणि निवडीचे गुण फक्त शिबिराच्या मंजूर उद्दिष्टांवरून. अनुदानाच्या मंजुरीपत्रात उद्दिष्टं छापलेली असतात. त्यात प्रार्थना नसेल तर तुमचा सहावा रकाना मंजुरीबाहेरचा आहे. ही भाषा अनुदान देणाऱ्या खात्याला घटनेच्या कलमांपेक्षा लवकर कळते.

जुन्या अहवालावर सही करा, पण शेऱ्यासकट. न करता ठेवलीत तर दुसऱ्या कुणाची तरी घेतील.

आणि मुलाला कधी भेटलात तर 1986 चा निकाल सांगा. केरळमधली तीन भावंडं, शाळेत राष्ट्रगीत सुरू असताना आदराने उभी राहायची, पण श्रद्धेमुळे गायची नाहीत. शाळेने काढलं, सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. तिथे मुलं श्रद्धेमुळे गप्प होती, इथे तुमचा श्रद्धा नाही म्हणून. शांतपणे उभं राहण्याची जागा दोघांना सारखीच लागते.

जुना शिबिरार्थी

शेरा लिहाच. आणि आमच्या प्रमुखांना मी फोन केला होता. तुमची गोष्ट सांगितली, नाव न घेता. ते म्हणाले, "बूट लावणाऱ्याला मी 10 दिले असते." मग थोडं थांबून, "पण रकाना मीही ठेवला असता." जसं बोलले तसं लिहिलंय.

तंबूची खुंटी

मंजुरीपत्र काढून पाहिलं. उद्दिष्टं पाच आहेत. प्रार्थना त्यात नाही.

सही केली. तिच्या वर हे लिहिलं:

"गट क्र. 4 मधील एका शिबिरार्थीस रकाना 6 मध्ये मी शून्य गुण दिले. कारण: ऐच्छिक प्रार्थनेस अनुपस्थिती. सदर रकाना मंजूर उद्दिष्टांत नाही. तो वगळल्यास त्याची टक्केवारी 90 पैकी 79, म्हणजे 87.77. निवडीचा फेरविचार व्हावा."

तारीख घातली. झेरॉक्स काढून कपाटात ठेवली. प्रमुखांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "87.78 लिही. पुढचा आकडा 5 च्या वर आहे."